उतारा आधी, व्याजदर मग

बेळगावात नवं घर घ्यायचं ठरलं की बहुतेक घरांत पहिल्या रात्री मोबाईलवर बँकांचे व्याजदर बघितले जातात. आम्हीही बघितले. पण इथे कोणती बँक कर्ज देणार हे आधी घराचे कागद ठरवतात आणि दर त्यानंतर येतो. कागदांत बसत नसेल तर सगळ्यात स्वस्त बँक वकिलाच्या अहवालापाशीच थांबते आणि तोपर्यंत प्रोसेसिंग फीचा काही भाग गेलेला असतो. म्हणून हिंडलगा रस्त्याकडचा नवा फ्लॅट घेताना एक राष्ट्रीयीकृत बँक, एक खासगी बँक, एक हाऊसिंग फायनान्स कंपनी आणि शहरातली एक सहकारी बँक अशी चार ठिकाणी विचारणा केली, पण चारही ठिकाणी आधी कागदांची झेरॉक्स दिली आणि दर त्यानंतर विचारला. फ्लॅटची किंमत ५२ लाख, हवं असलेलं कर्ज ४० लाख, मुदत २० वर्षं. पुढचे सगळे आकडे याच हिशोबाचे आहेत.

बँकेच्या पॅनेलवरचा वकील साधारण तीस वर्षांची मालकीची साखळी बघतो. जमीन मुळात शेतीची असेल तर पहाणी म्हणजे आरटीसी, अर्थात जमिनीचा उतारा, त्यावरच्या म्युटेशनच्या म्हणजे फेरफाराच्या नोंदी, कर्नाटक भूमहसूल कायद्याच्या ९५ कलमाखालचा बिनशेतीचा आदेश, बुडाने म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाने मंजूर केलेला लेआउट, महापालिकेचा बांधकाम परवाना आणि पूर्ततेचा दाखला. गावठाणातली किंवा पेठेतली जागा असेल तर सीटीएस म्हणजे नगर भूमापनाचा नंबर आणि प्रॉपर्टी कार्ड. याशिवाय बोजाचा दाखला, म्हणजे ईसी. नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवरून तो काढता येतो. मिळकतीवर व्यवहार नोंदलेले असतील तर फॉर्म १५ येतो, काहीच नसेल तर फॉर्म १६. बिल्डरने दाखवलेल्या ईसीवर विसंबू नये, स्वतः नवा काढावा. बिल्डरने प्रकल्पावर कर्ज उचललं असेल तर ते गहाणखत त्यात दिसतं. तसं दिसलं तर त्या वित्तसंस्थेकडून आपल्या फ्लॅटपुरतं ना-हरकत पत्र लागतं, आणि ते पत्र फ्लॅटच्या नंबरासह असावं लागतं. मोघम पत्रावर दुसरी बँक पैसे सोडत नाही.

त्यानंतर खातं, म्हणजे महापालिका किंवा पंचायतीकडची मिळकतीची करनोंद. ऑक्टोबर २०२४ पासून कर्नाटकात खरेदीच्या नोंदणीसाठी ई-खाता, म्हणजे त्या नोंदीचा डिजिटल उतारा लागतो. नव्या इमारतीत बहुतेक अडचण इथेच येते. खातं अजून संपूर्ण प्लॉटचं आणि जागामालकाच्या नावाचं असतं, फ्लॅटनिहाय फोड झालेली नसते. बिल्डर म्हणतो, ‘होऊन जाईल, तुम्ही लोन सँक्शन करून घ्या.’ सँक्शन होतंही, पण त्या पत्रात ई-खात्याची अट असते आणि खातं येईपर्यंत पत्राची मुदत संपू शकते. शहराच्या हद्दीबाहेर ग्रामपंचायतीत घर असेल तर ई-स्वत्तू या पंचायतीच्या मिळकत-नोंदीचे फॉर्म ९ आणि ११ए बघावेत. ११बी किंवा शहरात बी-खाता, म्हणजे पूर्ण नियमित नसलेल्या मिळकतीची नोंद असेल तर राष्ट्रीयीकृत बँका बहुधा नाही म्हणतात. दरवाजा उघडा राहतो तो काही हाऊसिंग फायनान्स कंपन्या, सहकारी बँका आणि सोसायट्यांचा, आणि तिथे दर दीड-दोन टक्क्यांनी चढा असू शकतो. गुंठ्यांवर पाडलेल्या, बिनशेती न झालेल्या जागेत बॉन्ड पेपरवर झालेल्या व्यवहारांची गोष्टच वेगळी. अशा जागेवर उभं राहिलेलं घर कितीही नवं आणि देखणं असलं तरी चांगलं कर्ज मिळत नाही, आणि विकताना पुढच्या गिऱ्हाइकालाही ते मिळत नाही. हे दुसरं नुकसान पहिल्यापेक्षा मोठं आहे.

शहापूर, वडगाव, अनगोळ या जुन्या भागांत वाडे पाडून अपार्टमेंट होतात. तिथे वकील सगळ्यात आधी घरातल्या मुली शोधतो. कर्नाटकात वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना सहहिस्सा १९९४ च्या दुरुस्तीने आला, देशभर २००५ मध्ये. वारसांच्या नोंदीत फक्त भावांची नावं असतील आणि बहिणींचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र नसेल तर अहवाल तिथेच अडतो. जागामालक आणि बिल्डर यांच्यात जॉइंट डेव्हलपमेंट करार असेल तर आपला फ्लॅट मालकाच्या वाट्यातला की बिल्डरच्या, आणि बिल्डरला दिलेलं कुलमुखत्यारपत्र नोंदणीकृत आहे का, हे पाहावं लागतं. १९५६ पूर्वी हा भाग मुंबई राज्यात होता, त्यामुळे जुने दस्त मराठीत, काही मोडीत, आणि नंतरचे कन्नडमध्ये. ज्या बँकेचा लीगल विभाग बेंगळुरूत बसतो ती मोडी दस्ताचं प्रमाणित भाषांतर मागते. बेळगावातल्याच वकिलाच्या अहवालावर चालणारी बँक याबाबत बरीच सोपी पडते. आमच्या तुलनेच्या कागदावर ‘लीगल कुठे होतं’ हा रकाना म्हणूनच वरच्या बाजूला होता.

सीमेवरच्या माणसांसाठी आणखी एक. कोल्हापूर, पुणे किंवा गोव्यात नोकरी आणि घर बेळगावात, असं अनेकांचं असतं. पगाराचं खातं तिकडे म्हणून अर्ज तिकडच्या शाखेत दिला जातो. तिथला अधिकारी सवयीने सातबारा आणि इंडेक्स टू मागतो. कर्नाटकात ते कागद त्या रूपात नसतात. मग फाईल दोन शाखांमध्ये फिरत राहते. पगार कुठेही असो, घर जिथे आहे तिथल्या शाखेत किंवा तिथल्या गृहकर्ज केंद्रात अर्ज द्यावा आणि पगाराची पडताळणी तिकडून होऊ द्यावी. महाराष्ट्रातल्या एखाद्या सहकारी बँकेचा दर आवडला तर आधी एवढंच विचारावं, की बेळगाव तिच्या कार्यक्षेत्रात येतं का. येत नसेल तर पुढे बोलण्यात अर्थ नाही.

रेरा, म्हणजे गृहप्रकल्पांच्या नोंदणीचा कायदा, बघायचा, पण त्याची मर्यादा ओळखून. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जागेवर किंवा आठपर्यंत फ्लॅट असलेल्या प्रकल्पाला नोंदणी लागत नाही, आणि बेळगावात अशा लहान इमारती भरपूर आहेत. नोंदणी नाही म्हणून प्रकल्प खोटा ठरत नाही. फक्त मग ७० टक्के पैसे स्वतंत्र खात्यात ठेवण्याचं बंधन नाही आणि पोर्टलवर कागद दिसत नाहीत, म्हणजे तपासणीचा सगळा भार आपल्यावर. नोंदणी असेल तर नोंदणीकृत करारनाम्याशिवाय बिल्डर १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही, हे कलम १३ त्याच्यासमोर निःसंकोच काढावं.

आता पैसे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांना ८० टक्के आणि त्यावर ७५ टक्के ही कमाल मर्यादा आहे. ५२ लाखांच्या फ्लॅटवर जास्तीत जास्त ४१ लाख ६० हजार. ही टक्केवारी करारातली किंमत आणि बँकेच्या व्हॅल्युएशनची रक्कम यांतल्या कमी आकड्यावर लागते, आणि बेळगावात व्हॅल्युअर सावध असतात. ५२ च्या फ्लॅटला ४८ चं व्हॅल्युएशन आलं तर कर्ज ३८ लाख ४० हजारांवर येतं आणि उरलेले दीड-दोन लाख आयत्या वेळी उभे करावे लागतात. वेगवेगळ्या बँकांच्या व्हॅल्युएशनमध्ये फरक पडतो, म्हणून हा आकडाही तुलनेचा भाग आहे. स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणी फी कर्जात धरली जात नाही. मुद्रांक ५ टक्के, त्या मुद्रांकाच्या १० टक्के सेस आणि शहरात २ टक्के सरचार्ज, शिवाय किमतीवर नोंदणी फी. ती ३१ ऑगस्ट २०२५ पासून १ टक्क्यावरून २ टक्के झाली. सगळं मिळून ७.६ टक्के, म्हणजे ५२ लाखांवर ३ लाख ९५ हजार २००. पहिल्यांदाच नोंदणी होणाऱ्या फ्लॅटला २० ते ४५ लाखांपर्यंत मुद्रांक ३ टक्केच आहे, त्यामुळे किंमत या रेषेच्या आसपास असेल तर घासाघीस जोरात करावी. फ्लॅट ५० लाखांचा किंवा वरचा असेल तर १ टक्का टीडीएस आपणच कापून भरायचा. बँक आपल्या हिश्श्यातून पैसे देते म्हणून ही जबाबदारी तिच्यावर जात नाही. बांधकाम चालू असताना घेतलं तर ५ टक्के जीएसटी, पूर्ततेचा दाखला मिळाल्यावर घेतलं तर शून्य. आमच्या किमतीवर हा फरक २ लाख ६० हजारांचा होता, आणि तयार फ्लॅट घेण्याचं तेच मोठं कारण.

याउलट घर लहान असेल तर पंतप्रधान आवास शहरी २.० विचारून पाहावं. घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत आणि देशात कुठेही पक्कं घर नसेल तर पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के व्याज-अनुदान, पाच वार्षिक हप्त्यांत जास्तीत जास्त १ लाख ८० हजार. निपाणी, खानापूरसारख्या गावांत या मर्यादेत बसणारी घरं अजून मिळतात.

आता दर. ऑक्टोबर २०१९ पासून व्यापारी बँकांना नवं बदलत्या दराचं गृहकर्ज बाहेरच्या मानकाशी जोडावं लागतं, आणि ते बहुतेक ठिकाणी रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो दर असतो. म्हणजे आपला दर = रेपो + स्प्रेड. रेपो सगळ्यांना सारखाच, तो आपल्या हातात नाही. खरी तुलना स्प्रेडची. रेपो खाली आला तरी स्प्रेड कर्जाला चिकटून राहतो, म्हणून आज कुठल्या बँकेचा आकडा छोटा दिसतो यापेक्षा तिचा स्प्रेड किती, हे लेखी घ्यावं. स्प्रेडमध्ये दोन भाग असतात: बँकेचं मार्जिन आणि आपल्या सिबिलवर, म्हणजे पतगुणांवर ठरणारा जोखीम-अधिभार. पहिला बँक तीन वर्षांतून एकदाच वाढवू शकते, कमी मात्र ऑक्टोबर २०२५ पासून त्याआधीही करू शकते. दुसरा आपली पत मोठ्या प्रमाणात बदलली तरच. पगारखात्याची सवलत, पहिली अर्जदार बाई असल्यास काही बँकांत मिळणारे ०.०५ टक्के, विमा घेतल्यास सवलत, अशा गोष्टी स्प्रेडमध्ये मिसळून सांगितल्या जातात. कोणती सवलत कायमची आणि कोणती पगारखातं हलवल्यावर जाणारी, हे स्वतंत्र लिहून मागावं.

हाऊसिंग फायनान्स कंपन्या या नियमात येत नाहीत. त्यांचा स्वतःचा प्राइम लेंडिंग रेट असतो आणि आपला दर त्यातून काही वजा करून सांगितला जातो. २०२२ च्या मे ते २०२३ च्या फेब्रुवारीदरम्यान रेपो ४ वरून ६.५० वर गेला, आणि २०२५ मध्ये फेब्रुवारीपासून जूनपर्यंत तो ५.५० वर उतरला. उतरताना रेपोशी जोडलेल्या कर्जाचा दर रीसेटच्या, म्हणजे दर नव्याने ठरण्याच्या तारखेला आपोआप उतरतो, तर कंपनीचा प्राइम रेट तिच्या निर्णयाने हलतो. नव्या गिऱ्हाइकाला कमी आणि जुन्याला जास्त, हा फरकही तिथे पटकन वाढतो. तो मोडायला कन्व्हर्जन फी भरावी लागते. ती किती, हे पहिल्याच दिवशी विचारावं. सहकारी बँकांनाही रेपोचं बंधन नाही. पण त्यांच्या बाजूने सांगण्यासारखं बरंच आहे: माणूस समोर असतो, कागद बेळगावातच राहतात, ऊसबिलावर किंवा उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या जॉबवर्कवर चालणारं उत्पन्न त्यांना समजतं. मोठ्या बँकेला दोन-तीन वर्षांचे आयटी रिटर्न लागतात आणि रिटर्नमध्ये उत्पन्न कमी दाखवलेलं असेल तर तेवढंच कर्ज. वडगावचा विणकर किंवा फाउंड्रीचा सुटा कारागीर यांच्यासाठी अर्धा टक्का जास्त देऊन घर मिळणं हेच शहाणपणाचं असू शकतं. फक्त रिटर्न नीट भरायला सुरुवात करून दोन वर्षांनी कर्ज हलवायची तयारी ठेवावी.

अर्धा टक्का म्हणजे किती? ४० लाख, २० वर्षं: ८ टक्क्यांनी हप्ता ३३,४५८, साडेआठने ३४,७१३. महिन्याला १,२५५, वीस वर्षांत तीन लाखांवर. पाव टक्क्याचा फरक दीड लाखाचा. आता विम्याकडे बघा. कर्जाबरोबर एकरकमी प्रीमियमची ‘लोन प्रोटेक्शन’ पॉलिसी जोडतात आणि प्रीमियम कर्जातच मिळवतात. १ लाख २० हजारांचा प्रीमियम ८ टक्क्यांनी वीस वर्षांत २ लाख ४१ हजार होतो. म्हणजे पाव टक्का स्वस्त दर देऊन पॉलिसी गळ्यात घालणारी संस्था प्रत्यक्षात महाग पडते. ही पॉलिसी सक्तीची नाही. आयुष्याचा विमा हवाच, पण बाहेरून साधी टर्म पॉलिसी घेतली तर ती कर्ज हलवल्यावरही आपल्यासोबत राहते. एका ठिकाणी पॉलिसीशिवाय फाईल पुढे जाणार नाही असं तोंडी सांगितलं गेलं. ते लेखी मागितल्यावर अट नाहीशी झाली.

हे सगळं एका जागी बघायला ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ मागावं. ऑक्टोबर २०२४ पासून ते प्रत्येक किरकोळ कर्जाला द्यावंच लागतं, कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत, आणि त्यातल्या अटी किमान तीन कामकाजी दिवस टिकाव्या लागतात. त्यात वार्षिक टक्केवारी दर, म्हणजे एपीआर असतो: व्याज, प्रोसेसिंग फी, कागदतपासणी, विमा, सगळं धरून. चार संस्थांचे एपीआर शेजारी ठेवले की जाहिरातीतले दर मागे पडतात. प्रोसेसिंग फी ०.३५ टक्के असेल तर ४० लाखांवर १४ हजार आणि १८ टक्के जीएसटी, मिळून १६,५२०. सणासुदीच्या मोहिमांत ती माफ होते, पण वकील आणि व्हॅल्युअरचा खर्च बहुधा राहतो. मुदतपूर्व फेडीवर वैयक्तिक बदलत्या दराच्या गृहकर्जाला दंड नाही, हे सगळीकडे सारखंच आहे. फरक असतो तो किमान किती रक्कम भरता येते आणि ती ऑनलाइन जाते की शाखेत खेटे घालावे लागतात यात. ज्यांच्याकडे हंगामी पैसा येतो त्यांनी ओव्हरड्राफ्ट पद्धतीचं गृहकर्ज विचारावं. दर थोडा चढा, पण ऊसबिलाचे पैसे काही महिने त्या खात्यात ठेवले तरी तेवढ्या दिवसांचं व्याज वाचतं.

रीसेटचा एक धोका नीट समजून घ्यावा. दर वाढला की बँका हप्ता तोच ठेवून मुदत वाढवतात. ६.७५ टक्क्यांनी ४० लाखांचा हप्ता साधारण ३०,४१४ होतो. दर अडीच टक्के चढून ९.२५ झाला आणि मुद्दल ४० लाखांच्या जवळच असेल तर नुसतं महिन्याचं व्याज ३०,८३३ होतं. हप्ता व्याजालाही पुरत नाही. २०२२-२३ मध्ये नव्या कर्जदारांवर ही वेळ आली, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बंधन घातलं: रीसेटच्या वेळी हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हा पर्याय कर्जदाराला द्यायचा, आणि स्थिर दराकडे जाण्याचाही; हा शेवटचा पर्याय ऑक्टोबर २०२५ पासून बँकेच्या मर्जीवर आहे. म्हणून अर्जावरच्या वयाच्या रकान्यासमोर निवृत्तीचं वर्ष लिहून ठेवावं आणि दर दोन टक्क्यांनी वाढला तर हप्ता झेपेल का, हे कर्ज घेण्याआधी बघावं. दर उतरल्यावर मात्र हप्ता तोच ठेवून मुदत कमी होऊ द्यावी. आमच्या मते यापेक्षा सोपी बचत नाही.

बिल्डरची आवडती बँक ही एक वेगळीच गोष्ट. त्या बँकेने प्रकल्पाला आधीच मान्यता दिलेली असते, त्यामुळे वकिलाचं काम लवकर होतं. तेवढा फायदा खरा आहे. पण मान्यता म्हणजे हमी नव्हे, आणि तिथला दर सगळ्यात चांगला असेल असंही नाही. त्या बँकेची मंजूर प्रकल्पांची यादी वापरून दुसऱ्या बँकेत काम सोपं करून घेता येतं. बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पात बिल्डर लवकर पैसे सोडवून घ्यायच्या घाईत असतो. बँकेने पैसे बांधकामाच्या टप्प्याप्रमाणेच द्यायचे असतात आणि टप्पा बँकेचा इंजिनिअर पाहतो. स्लॅब पडला नसताना ‘डिमांड लेटर’वर सही करू नये. सगळी रक्कम सुटेपर्यंत नुसतं व्याज भरायचं असतं. निम्मे, म्हणजे २० लाख उचलले असतील तर ८ टक्क्यांनी महिन्याला १३,३३३, वर भाडं वेगळं.

चारही ठिकाणी एकाच वेळी पूर्ण अर्ज करू नये. प्रत्येक अर्जाची चौकशी सिबिलवर उमटते. आधी आपला अहवाल आपणच काढावा, वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. त्यातला स्कोअर दाखवून तोंडी आणि ईमेलवर स्प्रेड विचारावा आणि मगच एक-दोन ठिकाणी अर्ज द्यावा. अहवालात नाव, पॅन आणि जुनी बंद झालेली कर्जं तपासावीत. सोसायटीत कुणाला जामीन राहिलेलं कर्जही तिथे दिसू शकतं. नावाचं तेवढंच महत्त्व. ई-खात्यावर नाव कन्नडमध्ये, आधारवर इंग्रजीत, जुन्या दस्तात मराठीत, आणि वडिलांचं नाव कुठे आहे कुठे नाही. हा फरक सब-रजिस्ट्रारसमोर निघाला तर दिवस वाया जातो. अर्जाआधीच आधार आणि पॅन एकसारखे करून घ्यावेत.

सँक्शन मिळालं म्हणजे दर ठरला असं नाही. पैसे सुटतात त्या दिवशीचा दर लागतो. आपल्या हिश्श्याचे पैसे पूर्ण भरल्याच्या पावत्या दाखवल्याशिवाय बँक आपला भाग देत नाही. व्याज पैसे प्रत्यक्ष दिल्याच्या तारखेपासूनच लागलं पाहिजे, मंजुरीच्या किंवा चेकवर छापलेल्या तारखेपासून नव्हे. एप्रिल २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने हे स्पष्ट केलं आहे. खरेदीखत दोन दिवस लांबलं आणि चेक बँकेच्याच ड्रॉवरमध्ये राहिला, तर त्या दोन दिवसांचं व्याज कर्जखात्याच्या उताऱ्यात लागलंय का ते बघून परत मागावं.

नोंदणीनंतर मूळ खरेदीखत बँकेकडे जातं आणि गहाणाची नोंद होते. त्या वेळी दिलेल्या प्रत्येक मूळ कागदाची यादी, पानांच्या संख्येसह, बँकेच्या शिक्क्याने घ्यावी. अनेक संस्थांचे कागद बेंगळुरू किंवा मुंबईच्या मध्यवर्ती गोदामात जातात. कर्ज फिटल्यावर तीस दिवसांत ते परत द्यावे लागतात, उशीर झाल्यास दिवसाला ५ हजार रुपये भरपाई, आणि कागद ज्या शाखेत कर्जखातं होतं तिथून किंवा जिथे ते आहेत त्या कार्यालयातून घेण्याची निवड कर्जदाराची. ही यादी नसेल तर काय दिलं होतं हे सिद्ध करायला वीस वर्षांनी कुणी अधिकारी तिथे नसतो.